कुणाचं कुणाकडे

रविवारी संध्याकाळी सव्वापाच वाजता मी घाण्याच्या दारातून आत गेले, आणि थोड्याच वेळात छताला टांगलेल्या एका कडीच्या डब्यावर मला माझं नाव दिसलं.

घाणा म्हणजे सांगलीच्या गावभागातला शेंगतेलाचा जुना घाणा. तो बंद पडल्यावर मालकांनी शेड पाडली नाही, भागातल्या चित्रं काढणाऱ्या पोरांना वापरायला दिली. दारावर 'कलादालन' अशी पाटी होती, पण ते नाव फक्त पाटीवरच राहिलं. लोक म्हणायचे, घाण्यात प्रदर्शन आहे. मी तेव्हा इथल्या एका दैनिकात उपसंपादक होते आणि रविवारच्या पुरवणीत गावातल्या घडामोडींवर सदर लिहीत असे. त्यामुळे घाण्यातलं एकही प्रदर्शन मी चुकवलं नव्हतं. आधीच्या प्रदर्शनात एका मुलाने जमिनीवर सायकलचे टायर मांडले होते. लोकांनी त्यात चपला काढून ठेवल्या आणि आत चित्रं कुठे आहेत म्हणून विचारत फिरले.

या वेळचं प्रदर्शन निलोफर पटवेगारचं होतं. निलोफर मिरजेची, बडोद्याला शिकून आलेली. तिचे वडील मिरजेच्या बाजारात भांड्यांवर नावं घालायचे. तिने महिनाभर आधी गावभागात घरोघर फिरून एकच मागणी केली होती : तुमच्या घरातलं, पण दुसऱ्याचं नाव असलेलं एक भांडं द्या.

असं भांडं नाही असं घर आमच्याकडे शोधून सापडायचं नाही. लग्नामुंजीत, बारशाला दिलेल्या भांड्यावर नाव आणि तारीख असतेच. मग त्या भांड्यातून शेजारी पुरणपोळी जाते, खीर जाते. रिकामं भांडं परत कसं द्यायचं म्हणून ते फडताळात थांबतं, आणि थांबता थांबता त्या घरचंच होतं. निलोफरने अशी सगळी भांडी डोळ्यांच्या उंचीवर दोरीने टांगली होती. प्रत्येकाच्या नावावर एका छोट्या दिव्याचा उजेड पाडला होता. प्रदर्शनाचं नाव 'कुणाचं कुणाकडे'. भांडं कुणी आणून दिलं हे सांगायचं नाही, हा तिचा नियम होता. नाहीतर भांडणं होतील, असं ती म्हणाली होती.

नियमाचा फार उपयोग झाला नाही.

"अगं, ही आमच्या वन्संची ताटली," आमच्या गल्लीतल्या देवर्षीबाई म्हणत होत्या. "सत्यनारायणाचा शिरा पाठवला होता हिच्यातून."

"कुणाकडे?" त्यांच्या शेजारच्या पाटोळेबाईंनी विचारलं.

"सगळ्या गल्लीत."

"मग सगळी गल्ली संशयित. धरा एकेकाला."

"तुमच्याकडेही आला होता शिरा."

"आला होता. गोड कमी होता. ताटली मात्र मी दुसऱ्या दिवशी परत दिली, केळी घालून."

"केळी आठवत नाहीत मला."

"केळी कशी आठवतील, तुम्ही ताटलीकडे बघत होतात."

दोघी हसल्या, पण देवर्षीबाईंनी ताटलीवरचा हात काढला नाही.

मी वहीत त्यांचं बोलणं टिपून घेत पुढे सरकले. तांबे, वाट्या, एक परात, कुणाचंतरी दुधाचं पातेलं. आणि मग तो डबा. स्टीलचा, साधारण शेरभर मावेल एवढा, वर कडी. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेल्या तीन ओळी : सौ. मृणालिनी दिवाकर म्हैसाळकर. मावशीकडून. १६-५-८२.

पहिल्यांदा वाटलं, आपलाच हरवलेला. मग लक्षात आलं, मला मावशी नाही. माझी आई एकुलती एक. आणि मग तारखेकडे नीट पाहिलं.

माझं लग्न झालं चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात. तोवर मी शोभा चिंचलीकर होते. मृणालिनी हे नाव मला मांडवात मिळालं. ताटात तांदूळ पसरले, त्यावर ह्यांनी अंगठीने अक्षरं काढली, भटजींनी ती मोठ्याने वाचली. आमच्याकडचे सगळे वा वा म्हणाले, तेव्हा मलाही कळलं की आजपासून मी मृणालिनी. तेव्हा ते मला आवडलं होतं. शोभा आमच्या वर्गातच तिघी होत्या. इतकं ऐटदार नाव ह्यांनी माझ्यासाठी शोधून काढलं, याचा मला पुढे कित्येक वर्षं अभिमान होता. सदरावर माझा फोटो आणि खाली हे नाव छापून यायचं, तेव्हा ते शोभायचंही.

मे ब्याऐंशीत सौ. मृणालिनी दिवाकर म्हैसाळकर नावाची बाई अस्तित्वात नव्हती. डबा मात्र होता.

"सापडला का तुमचाही?" पाटोळेबाई मागून येऊन वाचत म्हणाल्या. "बघा बाई. आपण दुसऱ्यांच्या बातम्या लिहायच्या आणि आपलाच डबा चोरीला."

"हो," मी म्हणाले. "आमचाच."

निलोफर दाराशी चहाचे कप भरत होती. मी तिला बाजूला घेतलं.

"तो कडीचा डबा कुणी दिला?"

"काकू, तुम्ही पण?" ती हसली. "सकाळपासून सातव्या तुम्ही. नाही सांगायचं ठरलंय."

"पेपरसाठी विचारत नाही मी."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. तिने नाव वाचलं होतं, माझं नाव तिला माहीत होतं, आणि तारखेचा अर्थ तिला लावता येत नव्हता, एवढं तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"शेवटच्या दिवशी ज्याने त्याने येऊन आपापलं न्यायचंय," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी, चारनंतर. मी एवढंच सांगू शकते."

घरी आले तेव्हा हे, म्हणजे माझे यजमान, पुढच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून टेबलफॅन उघडून बसले होते. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून घरातली कुठलीही वस्तू बिघडायची ते वाट बघत असत. तो पंखा आमच्या लग्नातला होता. त्याचं पातं बदललं होतं, मोटर बदलली होती, जाळीही बदलली होती. तरी तो लग्नातलाच होता, कारण आमच्याकडे काही टाकून देत नाहीत.

"काय होतं या वेळी?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "टायर?"

"भांडी. एका डब्यावर माझं नाव आहे."

"असेल. तू काय कमी डबे वाटलेस."

"तारीख सोळा मे ब्याऐंशी आहे."

त्यांनी स्क्रू काढून झाकणात ठेवला. दुसरा काढायला घेतला. तो निघेना.

"मावशीकडून, असं लिहिलंय," मी म्हणाले.

"कुणाची मावशी?"

"तेच तुम्हाला विचारतेय."

दुसरा स्क्रू निघाला. तोही झाकणात गेला.

"होतं एक ठरलेलं," ते म्हणाले. "तुझ्या आधी. मिरजेचं स्थळ होतं. साखरपुडा झाला होता. मोडलं."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"सांगायचं काय त्यात? झालेल्या लग्नाचं सांगतात. न झालेल्याचं कुणी सांगतं का?"

"तिचं नाव मृणालिनी होतं?"

"छे. तिचं नाव विजया. मृणालिनी ठेवायचं ठरलं होतं."

मी उभीच होते. पर्स खांद्यालाच होती.

"मग तेच मला कसं ठेवलंत?"

आता त्यांनी वर पाहिलं. मी काहीतरी अगदी साधं विचारतेय आणि उगीच अवघड करतेय, असं ते पाहणं होतं.

"चांगलं नाव होतं," ते म्हणाले. "वाया कशाला घालवायचं?"

मग त्यांनी मला पक्कड मागितली, आणि मी ती दिली.

त्या आठवड्यात मी प्रदर्शनाचा मजकूर लिहिला. ताटलीचा संवाद घेतला, निलोफरच्या वडिलांवर एक परिच्छेद लिहिला, नियमाचा उल्लेख केला. डब्याबद्दल लिहिलं नाही. वर नेहमीसारखं नाव टाकायची वेळ आली तेव्हा संगणकावर ती अक्षरं उमटताना मी पाहिली. ब्याऐंशीत कुणीतरी भांड्याच्या दुकानात उभं राहून हीच अक्षरं याच क्रमाने सांगितली होती. काय नाव घालायचं, असं दुकानदाराने विचारलं असेल. आणि मावशीने, तिला जे सगळ्या जगाला सांगायचं होतं ते, ठासून सांगितलं असेल.

घरातली भांडी मी रोज हाताळत होते. त्यांच्यावर माझं नाव होतं. आता वाटू लागलं की तीच सगळी उसनी आणलेली आहेत आणि कुणीतरी मागायला येणार आहे.

ती कशी दिसत असेल, हा विचार मी करणार नव्हते. पण ऑफिसला जाताना घाणा वाटेत लागायचा. मी रोज आत जायचे. एका दुपारी आत कुणी नव्हतं. मी डब्याचं झाकण काढलं. आतून डब्यावर चमच्याचे ओरखडे होते, गोल गोल, एकावर एक. तळ पांढुरका पडला होता. मी नाक जवळ नेलं. मेतकुटाचा वास आला.

म्हणजे डबा माळ्यावर टाकलेला नव्हता. रोजच्या वापरातला होता. ती बाई रोज सकाळी माझं नाव हातात धरून मेतकूट काढत होती.

डबा माळ्यावर धूळ खात असता तर मला तिची कीव आली असती आणि मी मोकळी झाले असते. ओरखडे बघून मला झोप येईनाशी झाली.

रात्री मी एकदा विचारलं, "दिसायला कशी होती?"

"कोण?"

"अहो, कोण म्हणजे."

"होती," ते म्हणाले. मग म्हणाले, "उंच होती."

मी उंच नाही.

"कुणी मोडलं लग्न?"

"त्यांनीच. मुलीकडच्यांनी. मध्ये आमच्या भाऊजींनी निरोप आणला, की त्यांचा विचार बदललाय." ते कुशीवर वळले. "झोप आता. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट."

पुढच्या रविवारी मी चारच्या आधीच जाऊन दाराजवळच्या बाकावर बसले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते. दोन वाक्यं होती, दोन्ही सभ्य. निलोफर शिडीवर चढून एकेक दोरी सोडत होती. लोक येत होते, भांडी घेत होते, एकमेकांच्या हातात काय आहे ते चोरून बघत होते. देवर्षीबाई सगळ्यात पुढे उभ्या होत्या, ताटली कोण नेतंय ते बघायला. ताटली न्यायला कुणी आलंच नाही.

साडेचारच्या सुमारास एक बाई रिक्षातून उतरल्या. उंच. सुती साडी, केस पांढरे, ते रंगवायच्या भानगडीत पडलेल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा वर करून छताकडे पाहिलं.

"तो डबा काढतेस का गं? तो नावाचा."

"काकू, सगळेच नावाचे आहेत," शिडीवरून निलोफर म्हणाली.

"हो की. कडीचा."

मी उठले. माझी वाक्यं कुठे गेली कळलं नाही. त्याच माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी मला निवांत न्याहाळलं.

"तुम्ही मृणालिनी म्हैसाळकर," त्या म्हणाल्या. "रविवारी फोटो असतो तुमचा. फोटोत बारीक दिसता."

"जुना फोटो आहे."

"असणारच. मी विजया किल्लेदार. मिरजेत शाळेत भूगोल शिकवायचे. माहेरची टिकेकर." त्या बाकावर बसल्या आणि शेजारची जागा हाताने पुसली, माझ्यासाठी. "बसा. मला वाटलंच होतं तुम्ही असाल."

"का वाटलं?"

"इथलं प्रत्येक प्रदर्शन तुम्ही लिहिता. ही मुलगी माझ्या विद्यार्थिनीची मैत्रीण. तिने भांडं मागितलं, तेव्हा म्हटलं, हाच देते. दुसऱ्याचं नाव असलेलं माझ्या घरात हे एकच." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "आणि म्हटलं, तुमच्या नजरेला पडेल."

"मला दाखवायचा होता?"

"हो."

"कशासाठी?"

"दर रविवारी मी तुमचं नाव बघते. लेख वाचतेच असं नाही हां, राग मानू नका. नाव बघते. छापल्यावर कसं दिसलं असतं, ते मला दर आठवड्याला कळतं. म्हटलं, एकदा तुम्हीही माझं बघा."

समोर पाटोळेबाई स्वतःची कळशी घेऊन चालल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहून मान हलवली. आम्ही दोघींनीही हलवली.

"लग्नाआधीच नाव घालून आणला होता डबा?" मी विचारलं.

"मावशीने घाई केली. आई ओरडली तिला. लग्न लागायच्या आत सौ. लावून मोकळी झालीस म्हणून. मावशी म्हणाली, आठ दिवसांवर तर आलंय." त्या हसल्या. "सगळ्या आहेराच्या वस्तू परत गेल्या. हा कुणाला परत करणार? दुकानदार घेईना. नाव खोडायचं तर डबा खराब होतो."

"म्हणून वापरलात."

"डबा आहे. डब्यात काहीतरी ठेवायचंच."

"किल्लेदारांनी कधी विचारलं नाही?"

"विचारलं ना. पहिल्याच दिवशी. मी खरं सांगितलं. ते म्हणाले, मेतकूट मात्र चांगलं झालंय." त्यांनी चष्म्याची घडी घातली. "त्यांनी माझं नाव बदललंच नाही. म्हणाले, विजया ठीक आहे, मला उगीच नवं पाठ करायला लावू नकोस. गेले ते, सहा वर्षं झाली."

मला त्या क्षणी त्या मेलेल्या माणसाचाही हेवा वाटला. नक्की कशाचा ते मला सांगता आलं नसतं.

"लग्न तुम्ही मोडलंत ना?" मी म्हणाले.

"आम्ही?" त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "तुमच्याकडून निरोप आला. मेहुणे होते त्यांचे, तेच आले होते. म्हणाले, मुलाचा विचार बदललाय."

मेहुणे, म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, वारून बरीच वर्षं झाली होती. दोन्हीकडे तोच एक माणूस निरोप घेऊन गेला होता, आणि आता त्याला विचारायची सोय नव्हती.

"ह्यांनी सांगितलं असेल आम्ही मोडलं म्हणून," त्या म्हणाल्या.

त्या 'ह्यांनी' म्हणाल्या. सहज म्हणाल्या, लक्षात न येता. मी मात्र ते ऐकलं.

"हो. असंच सांगितलं."

"सांगू दे. आता काय."

निलोफरने डबा काढून आणला आणि आमच्या दोघींच्या मधे बाकावर ठेवला. ती क्षणभर थांबली, मग शिडीकडे निघून गेली. पोरगी हुशार होती.

"नाव छान होतं," विजयाबाई डब्याकडे बघत म्हणाल्या. "मला बाकीच्या दोनांपेक्षा हेच आवडलं होतं."

"कुठली दोन?"

"त्यांनी तीन सुचवली होती ना. साखरपुड्यानंतर आम्ही एकदा कृष्णेच्या घाटावर गेलो होतो, बरोबर तुमच्या नणंदबाई होत्या पहाऱ्याला. त्या पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेल्या, तेवढ्यात त्यांनी विचारलं. म्हणाले, आयुष्यभर तुम्हाला वापरायचंय, तुम्हीच निवडा. मी म्हटलं, मृणालिनी. लगेच. विचारसुद्धा केला नाही."

घाण्यात कुणीतरी पातेलं पाडलं. मोठा आवाज झाला. सगळे तिकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडेच बघत होते.

"तुम्हाला विचारलं होतं," मी म्हणाले.

"हो. तुम्हाला नाही?"

"मला ताटातल्या तांदळावर दिसलं."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, हात पुढे करावा की नाही असं, आणि केला नाही. ते बरं झालं.

"बाकीची दोन कुठली होती?" मी विचारलं.

"एक आठवत नाही. साधंच काहीतरी होतं. दुसरं चारुता."

चारुता आमची मुलगी. पुण्यात असते. तिच्या बारशाच्या वेळी माझ्या मनात रेवती होतं. हे म्हणाले, चारुता ठेवू, कुणाचंच नसतं. मी म्हटलं, बरं.

"काय झालं?" विजयाबाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "चांगलं नाव आहे."

"मला नव्हतं आवडलं. फार नाजूक वाटलं."

त्या उठल्या. डबा उचलून माझ्यापुढे धरला.

"घेऊन जा. नाव तुमचं आहे."

"तारीख माझी नाही."

"तारीख काय, घासून जाईल."

"इतकी वर्षं गेली नाही ती. मला नको."

"मलाही आता नकोच वाटतोय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दाखवून झाला. आता घरी नेला तर रोज आठवेल की तुम्ही बघितलाय." त्यांनी तो बाकावर ठेवला, पदर सावरला, आणि रिक्षा थांबवून ठेवली होती त्यात बसून गेल्या. डबा आम्ही बसलो होतो तिथेच राहिला.

"काकू, याचं काय करू?" निलोफरने विचारलं.

"तुझ्याकडे ठेव."

घरी हे गॅलरीत होते. पंखा दुरुस्त होऊन पुढच्या खोलीत फिरत होता, आवाज करत होता.

"भेटली का?" त्यांनी विचारलं. मी कुठे गेले होते ते त्यांना मी सांगितलं नव्हतं.

"भेटल्या."

"बरी आहे?"

"बऱ्या आहेत." मी खुर्ची ओढून समोर बसले. "तुम्ही त्यांना विचारलं होतंत. कुठलं नाव हवं म्हणून. घाटावर."

ते रस्त्याकडे बघत होते.

"मला का नाही विचारलंत?"

खालून भाजीवाला गेला, त्याला त्यांनी हातानेच नको म्हटलं.

"तिला विचारलं," ते म्हणाले. "तिने निवडलं. आणि मोडलं. तुझ्या वेळी म्हटलं, कुणाला काही विचारायलाच नको."

"आणि चारुता?"

आता ते वळले.

"तेही सांगितलं तिने?"

"हो."

"तिला आवडलं नव्हतं ते," ते म्हणाले, आणि मग, जणू याने सगळं मिटतं, "तुला नाव आवडलं नव्हतं का? तुझं?"

"आवडलं होतं," मी म्हणाले. ते खरं होतं, आणि त्याचाच राग होता.

त्यानंतर आम्ही या विषयावर बोललो नाही. पुढच्या रविवारी सदर छापून आलं, वर फोटो, खाली नाव. संपादकांना मी नवा फोटो नेऊन दिला. नाव तेच राहिलं. निवृत्त होईपर्यंत दर रविवारी ते छापून येत होतं, आणि मिरजेत कुणीतरी पान उलटून ते बघतंय हे मला प्रत्येक वेळी माहीत होतं. मी लेख जरा जास्तच काळजीने लिहू लागले. लेख वाचतेच असं नाही, हे त्यांचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं. त्यांनी एखादा तरी वाचावा असं मला वाटायचं.

विजयाबाई मिरजेतच असतात असं ऐकते. मी गेले नाही. त्याही आल्या नाहीत.

पुढे घाण्याची शेड मालकांच्या मुलांनी विकली. तिथे आता इमारत आहे, खाली मोबाईलची दुकानं. निलोफर गोव्याला गेली, तिचं बरं चाललं आहे. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. तिच्या कामांचं पुस्तक निघतं आहे.

"काकू, त्या डब्याचा फोटो छापू का? ज्याच्याकडे भांडं आहे त्याला विचारूनच छापतेय सगळं."

"मला कशाला विचारतेस? तो तुझ्याकडे होता ना."

"माझ्याकडे कुठे?" ती म्हणाली. "काका घेऊन गेले की. प्रदर्शन उतरवलं त्याच आठवड्यात. तुम्हीच पाठवलंय म्हणाले."

मी तिला म्हटलं, छाप.

नंतर मी स्वयंपाकघरातली फडताळं पाहिली, माळा पाहिला, ह्यांची हत्यारांची पेटी पाहिली, पलंगाखालच्या ट्रंका ओढून पाहिल्या. हे पुढच्या खोलीत रेडिओ उघडून बसले होते. काय शोधतेस, असं त्यांनी एकदा विचारलं. मी म्हणाले, काही नाही.

आमच्याकडे काही टाकून देत नाहीत. डबा आमच्या घरात नाही.